नावे दोन, खण एक

आमच्या घरात हिशेब तीन भाषांत चालतो. अप्पा वहीत मराठीतून लिहितात, गुळेदगुड्डच्या विणकरांची बिले कन्नडमधून येतात आणि जी.एस.टी.ची विवरणपत्रे लेखापालकाका इंग्रजीतून भरतात. लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नसे. उलट थोडी मिजासच होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, खेळायला कन्नड गल्ली, कॉलेजात इंग्रजी पुस्तके. घरात मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नड कवितेसाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले, त्यांच्या धारवाडात मी शिकायला येते. तेव्हा दोन भाषा येणे हे आपले भांडवलच आहे, असे मी मैत्रिणींना ऐटीत सांगत असे.

त्याच दोन भाषांनी २०२४ च्या नवरात्रात आमच्या दुकानाची अब्रू कशी वेशीवर टांगली, त्याची ही हकीकत. भाषांचा त्यात दोष नव्हता. दोष माझा होता. पण कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना तिच्यातून थोडे काही मिळेल असे वाटते, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

हुबळीच्या दाजीबान पेठेच्या बाजूला आमचे छोटे दुकान आहे. इरकल साड्या थोड्या आणि खण पुष्कळ. खण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला हातमागावर विणले जाणारे चोळीचे कापड. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मौज अशी की, हा माल विणला जातो कर्नाटकात आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे महाराष्ट्रात. खण-नारळाने ओटी भरल्याशिवाय सासुरवाशीण माहेरचा उंबरठा ओलांडत नाही, आणि नवरात्रात देवीची ओटी खणाशिवाय होत नाही. विणणारा हात कन्नड, ओटी भरणारा हात मराठी, आणि मध्ये आमच्यासारखे दोन्हीकडचे व्यापारी. आजोबांच्या वेळेपासून हे असेच चालले आहे.

२०२३ साली पुण्याच्या दादाने (माझ्या मामेभावाने) आम्हाला ऑनलाइन दुकान काढून दिले. अप्पा म्हणाले, "खण हातात घेतल्याशिवाय कोण विकत घेतंय?" पण लोकांनी घेतले. फोटो बघून पुणे, ठाणे, नाशिक अशा ठिकाणांहून मागण्या येऊ लागल्या. आई खणाची त्रिकोणी घडी घालायची, मी पत्ता चिकटवायची आणि कॉलेजला जाताना चिगरी बसमध्ये बसण्यापूर्वी पार्सले कुरिअरच्या कार्यालयात टाकायची. दिवसाला चार-पाच मागण्या होत्या तोवर हे जमले. पंधरा-वीस होऊ लागल्या तेव्हा माझी पहिली दोन तासिका रोज बुडू लागली. शिवाय हुबळीहून मुंबईला पार्सल पोचायला चार-पाच दिवस लागत, आणि आठवड्याने येणारा खण सणाच्या घरी काय कामाचा?

तेव्हा दादाने तोड सुचवली. भिवंडीकडे मोठमोठी गोदामे आहेत. आपण एकदम माल नेऊन ठेवायचा. मागणी आली की गोदामाची माणसे तो काढतात, बांधतात, पाठवतात. जागेचे भाडे वेगळे आणि प्रत्येक पार्सलमागे मजुरी वेगळी. मुंबई-पुण्याला एका-दोन दिवसांत खण हजर.

परक्याच्या कोठारात आपला माल ठेवणे, हे हुबळीला नवीन नाही. अमरगोळच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल आडत्याच्या दुकानात उतरतो तो याच विश्वासावर. स्वतंत्र भारतात त्यासाठी कायदा झाला, १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. आणि आपल्या अभ्यासक्रमात तर १८७२ चा करार कायदा आहेच. कलम १४८ मध्ये ‘बेलमेंट’ची व्याख्या आणि कलम १५१ मध्ये माल ठेवून घेणाऱ्याचे कर्तव्य: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने दुसऱ्याच्या मालाची घ्यावी. परीक्षेसाठी हे मी चार वेळा पाठ केले होते. अप्पांनी गोदामवाल्यांच्या करारावर सही केली तेव्हा ते पहिल्यांदा कळले. माल आमचाच, पण ताबा त्यांचा. आता तो आम्हाला डोळ्यांनी दिसणार नव्हता. दिसणार होता तो फक्त आकडा.

कराची बाजूही सांगून टाकते, कारण वर्गात हा प्रश्न नेहमी गोंधळात टाकतो. महाराष्ट्रातल्या गोदामातून विक्री करायची म्हणजे महाराष्ट्रात वेगळी जी.एस.टी. नोंदणी हवी आणि ते गोदाम धंद्याची जागा म्हणून तिच्यात दाखवायला हवे. मग एकाच पॅन क्रमांकाची हुबळीची नोंदणी आणि भिवंडीची नोंदणी कायद्याच्या नजरेने दोन भिन्न व्यक्ती ठरतात. स्वतःचा माल स्वतःलाच पाठवला, तरी तो पुरवठा. त्यावर एकात्मिक कर भरायचा आणि तिकडे त्याची वजावट घ्यायची. पन्नास हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल काढायचे. लेखापालकाकांनी हे समजावून सांगितले तेव्हा अप्पा हसून म्हणाले, "म्हणजे मी भिवंडीत गेलो की दुसराच माणूस होतो म्हण की!"

आता मुख्य कामाकडे येते. दुकान इंटरनेटवर, माल भिवंडीत. दोघांना एकमेकांशी बोलते करायचे. त्याला एपीआय नावाची सोय असते. बँकेतल्या खिडकीसारखी ती आहे, असे समजा. ठराविक नमुन्यात चलन भरून आत सरकवायचे, ठराविक नमुन्यात पावती बाहेर येते. आत कोण बसले आहे, काय करते आहे, ते आपल्याला दिसत नाही. खिडकीशी कोणीही येऊ नये म्हणून गोदामवाले आकड्या-अक्षरांची एक लांबलचक किल्ली देतात. ती आपल्या दुकानाच्या प्रणालीत एकदा भरून ठेवायची.

या खिडकीतून चार गोष्टी ये-जा करतात. मागणी इकडून तिकडे जाते. माल रवाना झाला की पार्सलचा क्रमांक तिकडून इकडे येतो. शिल्लक बदलली की नवा आकडा येतो. आणि गिऱ्हाइकाने माल परत केला तर त्याची खबर येते. ऐकायला सोपे आहे. पण मागणी पाठवली आणि पावतीच आली नाही तर? यंत्र ती पुन्हा पाठवते. मग एकाच बाईला दोन पार्सले जायची! म्हणून प्रत्येक मागणीला एकच क्रमांक हवा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली तीच मागणी आहे हे गोदामाला ओळखता येते. दादाने असे पुष्कळ बारकावे फोनवर शिकवले. आईची त्रिकोणी घडी मात्र पहिल्याच फेरीत बाद झाली. कुरिअरवाले हलक्या पण मोठ्या पार्सलचे भाडे आकारावरून धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. त्रिकोणी घडी चुरगळू नये म्हणून मी ३० × २० × १० ची पेटी धरली, तर एवढ्याशा खणाला १.२ किलोचे भाडे आले. घडी चपटी झाली. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

या सगळ्याचा पाया म्हणजे मालाचा क्रमांक. त्याला एसकेयू म्हणतात. गोदामातल्या माणसाला ‘कुंकवी’ आणि ‘डाळिंबी’ यांतला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तो पाकिटावरच्या चिकटपट्टीचा क्रमांक यंत्राने वाचतो. दुकानातला क्रमांक आणि गोदामातला क्रमांक जुळला की झाले. ही क्रमांकांची यादी करण्याचे काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले. एका बाजूला अप्पांची मराठी वही, दुसऱ्या बाजूला विणकरांची कन्नड बिले. दोन्ही वाचता येणारी घरात मीच तेवढी तरबेज! एका रात्रीत यादी तयार.

खणांच्या नक्षींना सुंदर नावे आहेत. त्यांतली एक नक्षी रथाची. अप्पांच्या वहीत ती ‘रथ, कुंकवी, ४८ नग’ अशी होती. विणकराच्या बिलात ‘तेरू, केंपु, ४८’ अशी होती. तेरू म्हणजे रथ आणि केंपु म्हणजे लाल, हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पण त्या रात्री मी भाषांतर करत नव्हते, नक्कल करत होते. एक वही उतरून झाली, मग दुसरी उतरली. यादीत रथाला एक क्रमांक मिळाला, तेरूला दुसरा. भर म्हणजे फोटो दोन वेगळ्या वेळी काढलेले, एक सकाळच्या उन्हात आणि एक दिव्याखाली. एकच खण एका चित्रात कुंकवी आणि दुसऱ्यात डाळिंबी दिसत होता. दुकानात दोन पाने उघडली गेली, आणि दोन्हींवर मी आपल्या हाताने शिल्लक लिहिली: ४८ आणि ४८.

नियतीने मला एक इशारा दिला होता. चिकटपट्ट्या लावून झाल्यावर ४८ पट्ट्या उरल्या. आई म्हणाली, "एवढ्या कशा उरल्या गं?" मी म्हणाले, "छापणाऱ्यानं जास्तीच्या दिल्या असतील." आणि अभ्यासाला बसले.

सप्टेंबरात माल लॉरीने भिवंडीला गेला. गोदामवाल्यांनी तो मोजून घेतला आणि रथाच्या क्रमांकाखाली ४८ ची आवक चोख नोंदवली. तेरूच्या क्रमांकाखाली काहीच आले नाही, म्हणून त्यांनी काहीच नोंदवले नाही. इथे खरी गोम आहे. शिल्लक बदलली तरच त्यांची प्रणाली खबर पाठवत असे. तेरूची शिल्लक कधी बदललीच नाही. कारण तो माल त्यांच्या लेखी कधी आलाच नव्हता. ‘शून्य’ असे त्यांनी कळवले नाही. ते गप्प राहिले. आणि त्यांचे ते गप्प राहणे मी होकार समजले. दुकानाच्या पानावर माझ्या हातचे ४८ दिमाखात झळकत राहिले.

३ ऑक्टोबरला घटस्थापना झाली. त्याच्या आधीपासून मागण्यांचा पाऊस सुरू झाला होता. रथाचे २९ खण गेले, तेरूच्या २७ मागण्या आल्या. प्रत्येक मागणीपुढे हिरवी खूण उमटत होती, ‘स्वीकारली’. मी अप्पांना रोज आकडे वाचून दाखवत होते. ‘स्वीकारली’ म्हणजे खिडकीने चलन घेतले एवढेच. ‘रवाना’ हा वेगळा शब्द आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

पाचव्या माळेला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "मुलीची पहिली ओटी आहे अष्टमीला. तुमचा रथाचा खण मुद्दाम निवडला होता. चार दिवस झाले, अजून निघालाच नाही असं दिसतंय. येणार आहे ना?"

मी गोदामाचे पान उघडले. तेरूच्या सत्तावीसच्या सत्तावीस मागण्या एकाखाली एक उभ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा: ‘मालाच्या प्रतीक्षेत’. मी आधी गोदामवाल्यांवर चिडले. दादाला फोन करून तक्रार केली. तो म्हणाला, "त्यांचं काही चुकलेलं नाही. तुझी यादी उघड." यादी उघडली. रथ. तेरू. एकाखाली एक नव्हते, मध्ये चाळीस ओळी होत्या. पण ४८ आणि ४८ हे आकडे एकमेकांकडे बघत होते. मला उरलेल्या चिकटपट्ट्या आठवल्या आणि हातपाय गार पडले.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि विचारले, "खरा माल किती?" रथाचे १९ शिल्लक होते. ते तेरूच्या मागण्यांना वळवले. दादाने रात्री बसून क्रमांक बदलून दिले. उरल्या आठ मागण्या. गुळेदगुड्डच्या विणकर अज्जांना मी फोन केला आणि रडवेल्या आवाजात सगळे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "हेसरु एरडु, खण ओंदे, तंगी." नावे दोन, खण एकच, बाळ. पण हातमागाला घाई कळत नाही. नवा माल दसऱ्याआधी मिळण्यासारखा नव्हता.

मग अप्पांनी आठही जणांना स्वतः फोन लावला. मी शेजारी उभी होते. "आमच्याकडून चूक झाली. माल नसताना आम्ही पैसे घेतले," असे ते प्रत्येकाला सांगत होते. प्रणालीचे, गोदामाचे, माझेसुद्धा नाव त्यांनी घेतले नाही. पस्तीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस आपल्या मुलीच्या चुकीची माफी अनोळखी लोकांकडे मागतो आहे, हे ऐकताना मान वर होत नव्हती. चार जणींनी दुसऱ्या नक्षीचा खण चालेल म्हटले. ते दुकानातून त्याच रात्रीच्या बसने पुण्याला पाठवले. तिघींनी पैसे परत मागितले. त्यांना ते दिले. राहिल्या त्या अष्टमीच्या बाई. आईने काही न बोलता आपली ट्रंक उघडली. तिच्याजवळ एक रथाचा खण न शिवता ठेवलेला होता. "ओटीचं मागणं परत पाठवू नये," एवढेच ती म्हणाली. त्या एका खणाची घडी मात्र तिने त्रिकोणी घातली, आणि भाडे किती झाले ते मी विचारले नाही.

असो. वाचकहो, दसरा झाल्यावर मी नव्याने यादी केली. खण एक, क्रमांक एक. त्यापुढे तीन रकाने: मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव. नवा क्रमांक उघडला की त्याची शिल्लक आता शून्यच असते. गोदामाने आवक मोजून कळवल्यावरच तिथे आकडा चढतो. आणि रोज रात्री गोदामाकडून सगळ्या क्रमांकांची यादी मागवून आमच्या यादीशी पडताळते. बदललेल्याच नव्हे, न बदललेल्यासुद्धा. ज्या क्रमांकाबद्दल ते गप्प आहेत, त्याबद्दल मी मुद्दाम विचारते.

हे करताना एके दिवशी लक्षात आले की, यात नवे काहीच नाही. रोकड वही आणि बँकेचे पासबुक, दोन्ही एकाच पैशाची. तरी शिल्लक जुळत नाही, म्हणून आपण बँक जुळवणी पत्रक करतो. सर फळ्यावर ते उदाहरण घालतात तेव्हा आपण घड्याळाकडे बघतो. पाच गुणांसाठी आपण ते शिकतो. पण त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी आहे की, एकाच वस्तूची दोन पुस्तके झाली की ती आपोआप जुळत नाहीत. रोज कोणीतरी बसून ती जुळवावी लागतात. यंत्र फक्त वेगाने सांगते. खरे काय ते यंत्राला माहीत नसते. भिवंडीच्या फळीवर ठेवलेल्या खणालाच ते माहीत असते.

आणि भाषांचेही तसेच. दोन भाषा येतात, याचा मला अभिमान होता. पण माझी मराठी घरात राहत होती, कन्नड बाहेर राहत होती, आणि दोघींची गाठ मी कधी घालून दिलीच नव्हती. रथ म्हणताना तेरू आठवला असता तर आठ घरांची ओटी अडली नसती. दोन पुस्तके जवळ असणे वेगळे आणि ती एकमेकांशी पडताळणे वेगळे. आपल्या या अंकातही मराठी विभाग आहे, कन्नड विभाग आहे. आपल्यापैकी कितीजण दुसऱ्या विभागाची पाने उलटतात?

उरलेल्या ४८ चिकटपट्ट्या मी फेकून द्यायला निघाले होते. अप्पांनी दिल्या नाहीत. त्यांतली एक त्यांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली चिकटवली आहे. गिऱ्हाईक विचारते, "हे काय?" अप्पा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "आमच्या मुलीची पहिली शिल्लक."

– बी.कॉम., तृतीय वर्ष